हाकेचे नाव

बंगाली कुटुंबात मूल जन्माला आले की त्याला दोन नावे मिळतात. एक ‘भालो नाम’, म्हणजे चांगले नाव. ते शाळेच्या पटावर, पदवीच्या कागदावर आणि लग्नपत्रिकेवर छापले जाते. दुसरे ‘डाकनाम’. येथे डाक म्हणजे टपाल नव्हे. बंगालीत डाक म्हणजे हाक. आई ज्या नावाने जेवायला बोलावते आणि मित्र ज्या नावाने खिडकीखालून ओरडतात ते हे नाव. भालो नाम पुष्कळदा संस्कृत शब्दकोशातून, विचारपूर्वक निवडलेले असते. डाकनामाला मात्र पुष्कळदा अर्थही नसतो. तरीही माणसाला खरे वाटते ते दुसरेच. आपल्याकडेही पत्रिकेतले नाव एक आणि बाळ, ताई, बापू, अण्णा हे हाकेचे नाव वेगळे, ही रीत घरोघर आहे. तेव्हा वाचकांना या भेदाचे नवल वाटू नये.

माणसांचे जे, तेच शहरांचे. नकाशावर एक नाव असते आणि लोकांच्या तोंडी दुसरे. मुंबईला कोणी मुंबापुरी म्हणतो, कोणी मायानगरी. पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची चाल आहे. नागपूर संत्रानगरी झाले, अमरावती अंबानगरी, आणि कोल्हापूरला भाविक दक्षिण काशी म्हणतात. महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या वाचकांपैकी बडोदेकरांना आपल्या शहराची संस्कारनगरी ही ओळख ठाऊक असेलच. यांतली काही नावे भक्तीने दिली, काही अभिमानाने, काही व्यापाराच्या सोयीसाठी. परंतु ज्या शहरावर अशा नावांची सर्वांत दाट छाया पडली आहे, ते कोलकाता होय. भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्याला या शहराची नावे वारंवार अडवतात, कारण त्यांतले प्रत्येक नाव एका वेगळ्या नजरेचे आहे, आणि नजर कोणाची हे कळल्याशिवाय शब्द निवडता येत नाही. या वेळी आपण त्या नावांचा थोडा मागोवा घेऊ आणि शेवटी त्या शहराच्या ईशान्य कडेला वसलेल्या ‘न्यू टाउन’ या नव्या वसाहतीपाशी थांबू. तिला नावे पुष्कळ मिळाली आहेत. पण ती हाकेची आहेत का, हा प्रश्न आहे.

भीतीने दिलेले नाव

आरंभ आपल्यापासूनच करावा लागेल. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर मोठे घोडदळ घेऊन बंगालमध्ये उतरले. पुढील सुमारे दहा वर्षे या स्वाऱ्या होत राहिल्या. 1744 मध्ये नवाब अलिवर्दीखानाने भास्कररामांना भेटीस बोलावून दग्याने मारविले. अखेर 1751 च्या तहाने ओरिसा भोसल्यांच्या हाती आला आणि बंगालच्या चौथाईपोटी दरसाल बारा लाख रुपये ठरले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ही हकीगत पराक्रमाच्या प्रकरणात येते. बंगालमध्ये ती अंगाईगीतात आली. मूल झोपावे म्हणून आई त्याला ‘बर्गी’ आल्याचे सांगते आणि महसूल कशाने भरावा या चिंतेने उसासते. हा ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो स्वार. आपल्या लष्करी दप्तरातला एक साधा शब्द दूरच्या मुलुखात बागुलबुवा होऊन राहिला, हे मराठी वाचकाने जाणून असावे.

या स्वाऱ्यांच्या धास्तीने कंपनीच्या कलकत्त्याने आपल्याभोवती खंदक खणण्यास घेतला. तो सुमारे सात मैल व्हावयाचा होता. सहा महिन्यांत तीन मैलांच्या आसपास खणून झाला. मराठे शहरावर आले नाहीत, आणि काम तेथेच थांबले. परंतु या अर्धवट खंदकाने शहराला पहिले टोपणनाव दिले. तेथे राहणाऱ्या इंग्रजांना इतर ठिकाणचे इंग्रज थट्टेने ‘डिचर’ म्हणू लागले. मराठीत सांगायचे तर ‘खंदकवाले’. 1799 मध्ये खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावर वर्तुळाकार रस्ता बांधण्यात आला. आजही बागबाजार भागात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. जे सैन्य शहरात कधी शिरले नाही, त्याचे नाव गल्लीच्या पाटीवर राहिले.

हुकमाने दिलेले नाव

खंदक ज्या शत्रूसाठी खणला तो आला नाही. आला तो दुसराच. जून 1756 मध्ये अलिवर्दीचा नातू सिराज-उद्-दौला याने कलकत्ता जिंकले आणि आजोबांच्या स्मरणार्थ शहराला ‘अलीनगर’ हे नाव दिले. नाव सुबक होते, देणारा अधिकारी पुरुष होता. पण जानेवारी 1757 मध्ये क्लाइव्हने शहर परत घेतले, आणि पुढच्या महिन्यात झालेल्या ‘अलीनगरच्या तहा’खेरीज त्या नावाचा मागमूस उरला नाही. सत्ता सात महिने टिकली, नावही तेवढेच. वास्तविक ‘कलकत्ता’ हे गावाचे नाव इंग्रजांच्या आधीचे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त ते महसुली गाव म्हणून येते; आणि 1698 साली सुतानुटी, गोविंदपूर व कलिकाता या तीन गावांचे हक्क कंपनीने सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून घेतले तेव्हाही तेच नाव होते. हुकूम निघाला तरी शेतकऱ्याच्या आणि नावाड्याच्या तोंडचे नाव बदलले नाही.

लक्ष्मीचे घर, प्रासादांचे नगर

एकोणिसाव्या शतकात शहरात पैसा आला आणि पैशाबरोबर बिरुदे आली. 1823 साली भवानीचरण बंद्योपाध्याय यांनी ‘कलिकाता कमलालय’ हे पुस्तक लिहिले. कमलालय म्हणजे कमलेचे, लक्ष्मीचे घर. एक शहरवासी आणि एक परगावचा माणूस यांच्या संवादातून नव्या शहराच्या चालीरीती त्यात सांगितल्या आहेत. परगावचा भांबावून प्रश्न विचारतो, शहरवासी समजावतो. सांगण्यात कौतुक आहे आणि चिमटेही आहेत. पोटासाठी खेड्यातून शहरात आलेल्या पिढीचे हे पुस्तक आहे, आणि ‘लक्ष्मीचे घर’ हे नाव त्या पिढीच्या आशेतून आलेले आहे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1824 मध्ये, कंपनीच्या नोकरीतील डॉक्टर आणि फारसीचे जाणकार जेम्स अ‍ॅटकिन्सन यांचे ‘सिटी ऑफ पॅलेसेस’ हे काव्य प्रसिद्ध झाले. ‘प्रासादनगरी’ हे बिरुद इंग्रज प्रवाशांच्या तोंडी रुळले, पुढे बंगालीनेही ते स्वीकारले. चौरंगीवरील आणि गार्डन रीचमधील नदीकाठची पांढरी, खांबांची घरे बोटीतून दिसत. त्या दृश्याला हे नाव शोभत असे. परंतु त्याच शहराचा उत्तर भाग इंग्रजांच्या लेखी ‘काळे शहर’ होता, आणि तेथे श्रीमंत बाबूंच्या वाड्यांना लागून गवती झोपड्या होत्या. प्रासादांचे नाव त्यांच्यापर्यंत पोचले नाही.

मग उलट टोक आले. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने 1888 मध्ये अलाहाबादच्या ‘पायोनियर’ पत्रासाठी कलकत्त्यावर लेख लिहिले आणि त्यांना ‘भयाण रात्रीचे नगर’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. गंमत अशी की हे शीर्षक त्याचे स्वतःचे नव्हते. जेम्स थॉमसन या कवीने 1874 मध्ये लंडनच्या छायेतील एका उदास नगरावर त्या नावाचे काव्य लिहिले होते, आणि स्वतः किपलिंगने 1885 मध्ये तेच शीर्षक लाहोरच्या एका उकाड्याच्या रात्रीवरील लेखनाला वापरले होते. म्हणजे एकच उसने विशेषण तीन शहरांना पुरले. नाव देणारा शहराकडे पाहत असतो की आपल्या मनाकडे, असा प्रश्न अशा वेळी पडतो.

एका वर्षात दोन नावे

1911 मध्ये राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. पुढे 1943 चा दुष्काळ, 1946 च्या दंगली, 1947 ची फाळणी आणि निर्वासितांचे लोंढे असे एकामागून एक घाव शहराने सोसले. लक्ष्मीचे घर म्हणण्याजोगे फारसे उरले नाही. तेव्हापासून बाहेरून येणारी नावे करुणेची किंवा तिरस्काराची होती. 1985 साली तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांनी कलकत्त्याला ‘मरणपंथाला लागलेले शहर’ म्हटले. कलकत्त्याच्या लोकांना हा शब्द फार लागला. अवघ्या एका वर्षापूर्वी, 24 ऑक्टोबर 1984 रोजी, भारतातील पहिली भुयारी रेल्वे त्यांच्याच शहरात सुरू झाली होती.

आणि योग असा की त्याच 1985 साली फ्रेंच लेखक दोमिनिक लापिएर यांची ‘आनंदाचे नगर’ या अर्थाच्या नावाची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिने कलकत्त्याला जगभर ‘सिटी ऑफ जॉय’ केले. आज विमानतळापासून मिठाईच्या खोक्यापर्यंत हे नाव भेटते. परंतु फार थोड्यांना ठाऊक असते की ज्या वस्तीवरून हे नाव आले ती कलकत्त्यात नाहीच. ती नदीपलीकडे, हावड्यात आहे, आणि तिचे खरे नाव पिलखाना, म्हणजे हत्तीखाना. लेखकाने त्या वस्तीला पुस्तकात ‘आनंदनगर’ केले. हातरिक्षा ओढणारे, कुष्ठरोगी, खेड्यातून विस्थापित झालेले शेतकरी यांच्यात जी माया त्यांनी पाहिली, तिच्यासाठी हा शब्द होता. लेखकाने आपल्या मानधनाचा मोठा भागही अशा लोकांच्या सेवेसाठी दिला. पुढे नाव नदी ओलांडून अलीकडे आले आणि सबंध महानगराचे झाले. पलीकडे राहिलेल्या पिलखान्याची आठवण त्या नावासोबत आली नाही.

भाषांतरकाराची अडचण येथे उभी राहते. ‘आनंदनगरी’ असे लिहिले तर मराठी वाचकाला जत्रेतल्या पाळण्यांची आठवण होते. शाळांतून भरणाऱ्या ‘आनंदनगरी’ मेळाव्यांची तर हमखास. मूळ शब्दातला दारिद्र्याचा काठ निघून जातो. म्हणून असे नाव जसेच्या तसे ठेवून, ते कोठून आले हे एका वाक्यात सांगणे हाच बरा मार्ग ठरतो.

भविष्यकाळातले नाव

या सर्व नावांत बंगाली माणसाचे सर्वांत लाडके नाव मात्र वेगळेच आहे. ते म्हणजे ‘तिलोत्तमा’, किंवा ‘कल्लोलिनी तिलोत्तमा’. महाभारताच्या आदिपर्वातील कथा वाचकांस स्मरत असेल. सुंद आणि उपसुंद या दोन दैत्य भावांच्या नाशासाठी विश्वकर्म्याने जगातील प्रत्येक सुंदर वस्तूचा तिळाएवढा अंश घेऊन एक स्त्री घडविली, ती तिलोत्तमा. तिळातिळाने जमविलेले सौंदर्य, हा त्या नावाचा अर्थ. कल्लोलिनी म्हणजे लाटांनी गजबजलेली, नदी. जीवनानंद दाश यांनी आपल्या ‘सुचेतना’ या कवितेत हे दोन शब्द कलकत्त्यासाठी एकत्र आणले. पण त्यांनी वापरलेला काळ पाहण्यासारखा आहे. शहर असे आहे, असे कवी म्हणत नाही. एके दिवशी ते तसे होईल, असे म्हणतो. ते नाव स्तुतीचे नव्हते, ती एक उधारीची आशा होती. 1899 साली पूर्व बंगालातील बारिशाल येथे जन्मलेल्या या कवीने फाळणीच्या सुमारास कलकत्त्याचा आसरा घेतला, आणि ऑक्टोबर 1954 मध्ये त्याच शहरातील ट्रामच्या धडकेने जखमी होऊन आठ दिवसांनी त्याचा अंत झाला.

नंतरच्या पिढ्यांनी भविष्यकाळ गाळून टाकला आणि नुसते नाव ठेवले. भाषणांत, दुकानांच्या पाट्यांवर, नगरपालिकेच्या कागदांवर ‘तिलोत्तमा’ वर्तमानकाळात नांदू लागली. मग 2024 चा ऑगस्ट महिना आला. शहरातील एका सरकारी रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. अशा स्त्रीचे खरे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याने बंदी आहे. लोकांना तिच्यासाठी नाव हवे होते. कोणी तिला ‘अभया’ म्हटले. आणि पुष्कळांनी ‘तिलोत्तमा’. 14 ऑगस्टच्या मध्यरात्री हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या त्या सुमारास शहराने आपले स्वतःचे लाडके नाव तिला देऊन टाकले होते. कोणत्याही समितीने हे ठरविले नव्हते. ज्या शहराने आपली मुलगी सांभाळली नाही त्याला त्या नावाने मिरविण्याचा अधिकार नाही, ही शरम त्या देण्यात होती. टोपणनाव हा नुसता अलंकार नसतो, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

पाटीवरचे आणि तोंडातले

हाकेचे नाव हुकमाने लादता येत नाही, याचे दाखले कोलकात्यात पावलोपावली मिळतात. 1943 मध्ये वाहतुकीस खुला झालेला हावडा पूल 1965 पासून अधिकृतपणे ‘रवींद्र सेतू’ आहे. ज्या रवींद्रनाथांची गाणी बंगाली माणूस दिवसातून दहा वेळा गुणगुणतो त्यांचे नाव पुलाला आहे. तरी तो म्हणतो ‘हावडा ब्रिज’. आदर कमी आहे असे नाही, जिभेची सवय मोठी आहे. शहराच्या मध्यभागी असलेल्या डलहौसी चौकाला विनय, बादल आणि दिनेश या तीन क्रांतिकारकांचे नाव दिले गेले. 8 डिसेंबर 1930 रोजी त्यांनी तेथील रायटर्स बिल्डिंगमध्ये शिरून तुरुंग खात्याच्या इंग्रज प्रमुखाला गोळ्या घातल्या होत्या. तीन नावे उच्चारण्यास लांब पडतात म्हणून लोकांनी आद्याक्षरे घेतली आणि ‘बिबादी बाग’ केले. बंगालीत ‘बिबादी’ म्हणजे विवादी, वाद घालणारा. आजन्म सरकारशी वाद घातलेल्यांच्या चौकाला हे नाव योगायोगाने का होईना, चपखल बसले.

उलट उदाहरणही येथेच आहे. 1 जानेवारी 2001 पासून ‘कलकत्ता’चे अधिकृत रूप ‘कोलकाता’ झाले आणि ते लगेच रुळले. कारण बंगाली माणूस पूर्वीपासून तसेच म्हणत होता. सरकारने नवे नाव दिले नाही, घरातले नाव कागदावर आणले. 1995 मध्ये ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ झाले तेव्हाही हेच घडले. मराठी माणसाला त्या दिवशी एक अक्षरही नव्याने शिकावे लागले नाही.

शहराच्या पूर्वेस खाऱ्या पाण्याची तळी होती. डॉ. बिधानचंद्र राय मुख्यमंत्री असताना, 1962 मध्ये, हुगळी नदीतला गाळ नळांतून आणून ती बुजविण्याचे काम सुरू झाले आणि त्यावर उपनगर उभे राहिले. आराखडा युगोस्लाव्हियाच्या दोब्रिवोये तोशकोविच यांचा होता. उपनगराला ‘बिधाननगर’ हे नाव मिळाले, आणि ते योग्यच होते. पण साठ वर्षांनंतरही सर्व जण त्याला ‘सॉल्ट लेक’ म्हणतात. तळे गेले, त्यावर घरे झाली, तरी तळ्याचे नाव घरांवर राहिले.

न्यू टाउनचा प्रश्न

सॉल्ट लेकच्या पलीकडे, विमानतळाच्या बाजूस राजारहाटचा मुलूख. ‘हाट’ म्हणजे बाजार. आपल्या ‘बाजारहाट’ या जोडशब्दातला हाट तोच. भातखाचरे, मासळीची तळी आणि भाजीचे मळे असलेल्या या खेड्यांत नवे शहर बसविण्याचे ठरले. त्यासाठी 1999 मध्ये ‘हिडको’ हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि 2007 च्या कायद्याने नगराच्या कारभारासाठी स्वतंत्र प्राधिकरण करण्यात आले. रुंद रस्ते, माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या, विद्यापीठे, रुग्णालये आणि उंच इमारती यांचे हे नगर आज वसलेले आहे. त्याचे नाव मात्र नुसते ‘न्यू टाउन’. हे नाव आहे की नावाची रिकामी जागा, असे वाटावे. गावाला ‘नवे गाव’ म्हणणे म्हणजे मुलाला ‘मुलगा’ म्हणून हाक मारण्यासारखे आहे.

नगराचे भाग तर त्याहून कोरडे: ‘अ‍ॅक्शन एरिया एक’, ‘दोन’, ‘तीन’. भाषांतरकाराने याचे काय करावे? ‘कृतिक्षेत्र क्रमांक एक’ असे लिहिले तर तेथे कवायत चालत असावी असे वाटेल. अभियंत्याच्या टेबलावरचा कामचलाऊ शब्द तसाच लोकांच्या पत्त्यात आला.

मोठी नावे देण्याचा प्रयत्न झाला नाही असे नव्हे. जानेवारी 2010 मध्ये ज्योती बसू यांचे निधन झाल्यावर तेव्हाच्या सरकारने नगराला ‘ज्योती बसू नगर’ नाव देण्याचे ठरविले. ते लोकांच्या तोंडी रुळले नाही. मुख्य रस्त्याला पुढे ‘विश्व बांगला सरणी’ हे नाव मिळाले. डिसेंबर 2012 मध्ये खुल्या झालेल्या 480 एकरांच्या उद्यानाचे अधिकृत नाव ‘प्रकृतितीर्थ’. लोक म्हणतात ‘इको पार्क’. शिवाय ‘रवींद्रतीर्थ’ आणि ‘नजरुलतीर्थ’ ही सांस्कृतिक केंद्रे आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या उद्यानाला ‘स्वप्नभोर’ म्हणजे स्वप्नपहाट हे नाव आहे, आणि त्यांच्या निवासाला ‘स्नेहोदिया’. नावे गोड आहेत, ती निवडणाऱ्याला भाषेचा कान आहे, यात संशय नाही. शिवाय नगराच्या एका कंपनीच्या नावातच ‘ग्रीन’ आणि ‘स्मार्ट’ ही दोन्ही विशेषणे आहेत. पण ही सारी भालो नामे. एखाद्या मुलाच्या पत्रिकेवर पाच नावे असावीत आणि घरात त्याला कोणत्या नावाने हाक मारायची हे ठरू नये, तसे झाले आहे.

मग न्यू टाउनमधला माणूस उतरतो कोठे? बसमध्ये थांब्यांची नावे ऐकावीत. नारकेलबागान, म्हणजे नारळाची वाडी. तेथे आता लोखंडी कमानीचे ‘विश्व बांगला गेट’ उभे आहे. कदमपुकुर, म्हणजे कदंबाचे तळे. ‘पुकुर’ हा संस्कृत ‘पुष्कर’चा वंशज, वसई-ठाण्याकडे तळ्याला ‘पोखरण’ म्हणतात तो शब्द याच कुळातला. पाथरघाटा, म्हणजे दगडी घाट. महिषबाथान, म्हणजे म्हशींचा गोठा. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात हे गाव बंगालमधले एक केंद्र होते. ही नावे कोणी कवीने दिलेली नाहीत. ती शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची आहेत. जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा मोबदल्यावरून वाद झाले, आंदोलने झाली. अनेकांचे शेत आणि तळे गेले, आणि ज्या मातीत ते धान्य काढीत तेथे त्यांच्या पुढच्या पिढीतल्या काहींनी चहाची टपरी टाकली किंवा रखवालदारी पत्करली. त्यांच्यापाशी जे उरले त्यात गावाचे नाव आहे. उंच इमारतीत राहणारा नवा रहिवासी ते नाव रोज उच्चारतो. पुष्कळदा त्याचा अर्थ त्याला ठाऊक नसतो.

त्यांच्या शेजारीच नवी नावेही उगवू लागली आहेत. ‘आकांक्षा’ या गृहसंकुलावरून एका चौकाला लोक ‘आकांक्षा मोड़’ म्हणतात. संकुलाला नाव देणाऱ्याने ते घरे विकण्यासाठी दिले असेल; चौकाला ते लोकांनी दिले. कर्ज काढून पहिले घर घेतलेल्या माणसाने रोज संध्याकाळी आकांक्षेच्या वळणावर उतरावे, यात जितका योगायोग आहे तितकाच अर्थही आहे.

आपल्याकडचा दाखला

महाराष्ट्रातील वाचकांना हे सर्व ओळखीचे वाटेल. मार्च 1970 मध्ये स्थापन झालेल्या ‘सिडको’ने खाडीपलीकडे नवी मुंबई वसविली. तेथेही नगराचे नाव ‘नवी’ एवढेच. परंतु विभागांना जुन्या गावांचीच नावे राहिली: वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर, घणसोली. या जमिनींसाठीही किंमत मोजावी लागली. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यातील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावांची नावे पत्त्यात राहिली, म्हणून निदान हा इतिहास विचारण्यास जागा राहिली.

याहून मौजेचे उदाहरण नाशिकचे. तेथे सिडकोने जी वसाहत उभारली तिचे अधिकृत नाव ‘नवीन नाशिक’. तेथला माणूस आपला पत्ता सांगताना म्हणतो, ‘आम्ही सिडकोत राहतो.’ एका सरकारी महामंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे मराठी माणसाने गाव केले, त्याला सप्तमीचा प्रत्यय लावला, आणि तेथे संसार थाटला. हेच छत्रपती संभाजीनगरात आणि नांदेडातही घडले. डाकनाम असेच जन्मते. त्याला सौंदर्य लागत नाही, वापर लागतो.

तेव्हा न्यू टाउनला कवीने दिलेले नाव नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. कोलकात्याच्या नावांची ही यादी पाहिली तर दिसते की नदीवरून, आगगाडीतून किंवा राजधानीतून पाहणाऱ्यांनी दिलेली नावे अर्ध्याच शहराला बसली. राज्यकर्त्यांनी दिलेली बरीचशी पाट्यांवर राहिली. आणि जी टिकली ती राहणाऱ्यांच्या ओठावरची, किंवा राहणाऱ्यांनी ज्यासाठी काही सोसले अशी. न्यू टाउनमध्ये जन्मून वाढलेली पहिली पिढी आता कोठे शाळा-महाविद्यालयात आहे. तिचे आईबाप बाहेरून आले. ते अजून ‘आमचे घर’ म्हणताना बर्दवान, सिलीगुडी किंवा पाटणा म्हणतात. ही मुले जेव्हा दूरच्या शहरी नोकरीस जातील आणि सुट्टीत घरी यायला निघतील, तेव्हा कोठे निघालो हे सांगताना त्यांच्या तोंडून जो शब्द निघेल, ते त्या नगराचे खरे नाव. तोवर नगररचनाकारांना एवढेच करता येण्याजोगे आहे: कदमपुकुर आणि पाथरघाटा या पाट्या उतरवू नयेत, आणि शक्य झाल्यास कदंबाचे तळेही राखावे.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण नव्या वसाहतींत, औद्योगिक नगरांत, धरणाच्या पाण्यामुळे हललेल्या गावांच्या पुनर्वसनात राहत असतील. आपल्या वस्तीचे कागदावरचे नाव कोणते, हाकेचे कोणते, आणि त्या जागी पूर्वी काय होते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहावे. उत्तर ठाऊक असणारी माणसे बहुधा अजून आपल्या ओसरीवरच बसलेली असतात. ते उत्तर मुलांच्या वहीत उतरवून ठेवले, तर पुढे कोणी नवी पाटी लावण्यास आला असता त्याला सांगण्याजोगे आपल्यापाशी काही असेल.